भरीव की पोकळ? सर्किटच्या चिन्हात आकार भरताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. की-कॅड या सर्किटं काढण्याच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही दिशांनी चालणाऱ्या टीव्हीएस डायोडचं (अचानक चढलेल्या व्होल्टेजपासून सर्किट वाचवणाऱ्या भागाचं) चिन्ह तुम्ही स्वतः काढलं आहे आणि त्यातले दोन त्रिकोण काळे भरायचे आहेत. तीन रेषांनी त्रिकोण काढला, गुणधर्मांच्या खिडकीत भरण्याचा पर्यायही निवडला, तरी आत कोरंच दिसतं. दुसरी तक्रार तिरक्या बाणाची. टोक भरलं की ते रेषेच्या पुढे डोकावतं. तिसरी ऑर गेट या लॉजिकच्या चिन्हासारख्या, पाठीला बाक असलेल्या आकाराची. पिवळा रंग भरला की तो बाकाच्या बाहेर सांडतो.

तिन्हींचं मूळ एकच आहे. चित्रकलेच्या प्रोग्रॅममध्ये रंगाची बादली असते. ती चहूबाजूंनी बंद दिसणारी जागा शोधते आणि भरून टाकते, मग ती जागा एका रेषेने बंद केलेली असो वा दहा. सर्किटच्या प्रोग्रॅममध्ये अशी बादली नाही. इथे जागा भरली जात नाही, वस्तू भरली जाते. तुम्ही काढलेल्या तीन सुट्या रेषा म्हणजे तीन सुट्या वस्तू. प्रत्येकीला दोनच टोकं, म्हणून प्रत्येकीचं क्षेत्रफळ शून्य. प्रोग्रॅमने तुमची आज्ञा मुकाट्याने पाळली आणि शून्य क्षेत्रफळ काळं केलं! तक्रार न करता असं काहीतरी करून मोकळं होणं ही या प्रोग्रॅमची जुनी खोड आहे.

म्हणून तो त्रिकोण पुसा आणि जोडरेषांचं साधन (अनेक बिंदूंमधून जाणारी एकच सलग रेषा काढणारं) घेऊन एका दमात पुन्हा काढा: पहिला कोपरा, दुसरा, तिसरा आणि परत पहिला. मध्ये डबल क्लिक करू नका, केलं की तुकडा तिथेच संपतो. नव्या आवृत्त्यांत बहुभुजाचं वेगळं साधनही आहे, तेही चालेल. मग त्यावर माउस ठेवून कीबोर्डवरचं ई दाबा, गुणधर्म उघडतील. तिथे भरण्याचे पर्याय दिसतील: भरू नका, चिन्हाच्या रेषेच्या रंगाने भरा, चिन्हाच्या पार्श्वभूमीच्या रंगाने भरा, आणि आवृत्ती ७ पासून स्वतः निवडलेल्या रंगाने भरा. तुम्हाला हवा आहे तो दुसरा, रेषेच्या रंगाने.

चौथा पर्याय बघून हात शिवशिवतात हे मला माहीत आहे. काळा रंग समोर दिसत असताना ‘रेषेचा रंग’ कशाला? पण की-कॅडमध्ये चिन्हाचे रंग थीममधून येतात. मूळच्या थीममध्ये रेषा गडद तांबडी आणि पार्श्वभूमी फिकट पिवळी असते. तुम्ही काळा ठोकून दिलात तर तांबड्या रेषेच्या पोटात काळा त्रिकोण दिसेल. उद्या कोणी काळ्या पडद्याची थीम लावली तर त्रिकोण पडद्यात विरून जाईल. रेषेच्या रंगाने भरलेला आकार थीमबरोबर आपला रंग बदलतो. स्वतःचा रंग मी फक्त चेतावणीच्या खुणांसाठी ठेवतो, तिथेही क्वचित.

आता तुमच्या टीव्हीएसचे आकडे देतो. माउसने अंदाजे काढण्यापेक्षा आकड्यांनी काढलेलं चिन्ह दहा वर्षं टिकतं. एकक मिल धरू या, म्हणजे इंचाचा हजारावा भाग. ५० मिल म्हणजे १.२७ मिलिमीटर. चिन्हाचा मध्य (०, ०) वर. डावा त्रिकोण: (−१००, ५०), (−१००, −५०), (०, ०) आणि परत (−१००, ५०). उजवा त्याचं प्रतिबिंब: (१००, ५०), (१००, −५०), (०, ०), (१००, ५०). दोघांची टोकं मधल्या दांडीवर भेटतात. दांडी ही वेगळी जोडरेषा, तिला टोकाशी छोटे वळसे: (२०, ५०), (०, ५०), (०, −५०), (−२०, −५०). ही भरायची नाही. पिना, म्हणजे वायर जोडण्याची टोकं, (−२००, ०) आणि (२००, ०) वर, लांबी १००, म्हणजे त्या बरोबर त्रिकोणाच्या पायाला येऊन टेकतात. रेषेची जाडी सगळीकडे १० मिल.

दांडी वेगळी का ठेवायची? मी शिकाऊ मुलांना पाहिलं आहे, ती त्रिकोण आणि दांडी एकाच ओघात काढतात, पेन न उचलता काढल्यासारखी. पोकळ चिन्हात ते खपून जातं. भरायला गेलं की मात्र घोटाळा होतो, कारण भरताना प्रोग्रॅम शेवटचा बिंदू पहिल्याला अदृश्य सरळ रेषेने जोडतो आणि जे काही आत सापडेल ते भरतो. दांडीचा वळसा असला की मध्येच एक काळी पाचर उगवते. शॉट्की डायोडच्या वळणदार दांडीत हे हमखास होतं. भरायचं ते एक, न भरायचं ते दुसरं, अशी वाटणी आधीच करून घ्यावी.

उघडा आकारही भरला जातो, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवा. शेवटची बाजू भरण्यापुरती बंद होते, पण तिच्यावर रेषा येत नाही. वरच्या उदाहरणात ही डोकेदुखी आहे. पुढे ऑर गेटच्या वेळी हीच गोष्ट उपयोगी पडते.

बाणाकडे येतो. टोक रेषेच्या पुढे डोकावतं कारण भरलेल्या आकारालाही काठाची रेषा असते, आणि तिची अर्धी जाडी आकाराच्या बाहेर पडते. १० मिलचा काठ असेल तर तुमचा बाण सगळ्या बाजूंनी ५ मिलने फुगतो आणि टोक गोल होतं. टीव्हीएसच्या त्रिकोणात हे जाणवत नाही, कारण टोकाचा फुगलेला भाग १० मिल जाडीच्या दांडीखाली बरोबर झाकला जातो. बाणाच्या टोकाला असं पांघरूण नसतं.

इथे शून्याचा एक सापळा आहे. काठाची जाडी ० लिहिली की काठ नाहीसा होत नाही. की-कॅडमध्ये शून्याचा अर्थ ‘ठरावीक जाडी’, आणि ती मूळ मांडणीत ६ मिल असते. काठ खरोखर नको असेल तर नव्या आवृत्त्यांत काठाची वेगळी खूण आहे, ती काढून टाका. जुन्या लायब्ऱ्या, म्हणजे चिन्हांचे संच, उघडून पाहिल्यात तर काही ठिकाणी काठाची जाडी ऋण आकड्यात दिसेल. ती चूक नाही, काठ बंद करण्याची तीच रीत होती. ईगल या सर्किटच्याच दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये नेमकं उलटं: तिथे वर्तुळाची जाडी शून्य केली की ते भरीव होतं. ईगलवाल्या ऑटोडेस्क कंपनीने ७ जून २०२६ पासून ईगल बंद करत असल्याचं जाहीर केल्यामुळे बरेच जण आपल्या लायब्ऱ्या इकडे हलवत आहेत. त्यांनी हा फरक डोक्यात ठेवावा आणि हलवलेली चिन्हं एकदा डोळ्यांखालून घालावीत.

बाण कसा काढावा हे मी की-कॅडच्या स्वतःच्या लायब्ररीतून शिकलो, आणि तुम्हीही तिथूनच शिका. एनपीएन ट्रान्झिस्टरचं चिन्ह उघडा. एमिटरची, म्हणजे बाण असलेल्या पायाची, रेषा ४५ अंशांत खाली उतरते आणि (१००, −१००) वर पिनेला मिळते. बाणाचे तीन बिंदू आहेत (५०, −७०), (७०, −५०) आणि (९०, −९०). टोक (९०, −९०) वर आहे, म्हणजे रेषेच्या शेवटापासून दोन्ही अक्षांवर १० मिल मागे. म्हणून ते डोकावत नाही. तुम्ही टोक बहुधा नेमकं पिनेच्या तोंडावर ठेवलं असणार.

या तीन बिंदूंमधली रीत बघा. टोकापासून दोन्ही अक्षांवर ३०-३० मागे गेलं की (६०, −६०) येतो, तो बाणाच्या पायाचा मध्य. तिथून बाणाच्या काटकोनात, दोन्ही अक्षांवर १०-१०, दोन्हीकडे सरकलं की पायाचे दोन कोपरे मिळतात. बाणाची लांबी सुमारे ४२ मिल, अर्धी रुंदी सुमारे १४. आता त्याच लायब्ररीतला मॉस्फेट, म्हणजे दुसऱ्या जातीचा ट्रान्झिस्टर, उघडा. तिथे आडवा बाण आहे: लांबी ४०, अर्धी रुंदी १५. म्हणजे दोन्ही बाण दिसायला एकाच घराण्यातले, फक्त एक तिरका आणि एक आडवा, आणि दोघांचेही आकडे गोळाबेरीज न करता ग्रिडवर, म्हणजे ठरावीक अंतरांच्या जाळीवर, बसतील असे निवडलेले. ज्याने हे बसवलं त्याच्या हाताला वळण होतं.

तुमची रेषा ४५ अंशांत नसेल तर थोडा हिशेब करावा लागतो. समजा ती ३० अंशांत वर जाते आणि बाण टोकाकडे तोंड करून आहे. लांबी ४० धरा. टोकापासून मागे ४० गुणिले ०.८६६ म्हणजे ३४.६ डावीकडे आणि ४० गुणिले ०.५ म्हणजे २० खाली, हा पायाचा मध्य. तिथून काटकोनात १५: एक कोपरा ७.५ डावीकडे आणि १३ वर, दुसरा ७.५ उजवीकडे आणि १३ खाली. हे आकडे ग्रिडवर बसत नाहीत, आणि बसायची गरजही नाही. ग्रिडची सक्ती पिनांना आहे, चित्राला नाही. पिन ५० मिलच्या ग्रिडवरच हवी, की-कॅडच्या लायब्ररीचे नियम तर १०० म्हणतात. पिन एवढीशीही सरकलेली असली तर वायर तिला टेकल्यासारखी दिसते आणि जोडलेली नसते. मी चित्र काढताना ग्रिड १० वर आणतो. काम संपलं की पहिली गोष्ट करतो ती म्हणजे ती परत ५० वर नेतो. हे विसरून पुढची पिन टाकली की अख्खी संध्याकाळ जाते.

असे अपूर्णांकातले बिंदू माउसने टाकता येत नाहीत. म्हणून थेट फाइलमध्ये लिहा. की-कॅड ६ पासून, म्हणजे डिसेंबर २०२१ पासून, चिन्हांची लायब्ररी ही कंसांच्या रचनेतली साधी मजकूर फाइल आहे. एका जोडरेषेचे सगळे बिंदू ओळीने लिहिलेले असतात, मग काठाची जाडी, मग भरण्याचा प्रकार. माप मिलिमीटरमध्ये असतं, म्हणून मिलचा आकडा ०.०२५४ ने गुणायचा. आणि लायब्ररीच्या फाइलमध्ये वाय अक्ष वर जातो, शाळेतल्या आलेखासारखा. मुख्य स्कीमॅटिकच्या, म्हणजे सर्किटच्या आराखड्याच्या, फाइलमध्ये तोच खाली जातो. दोन्हींची गल्लत केली की बाण उलटा. फाइल हाताने बदलण्याआधी एडिटर बंद करा आणि एक प्रत बाजूला ठेवा, हे सांगायला नको.

आता ऑर गेट. ही तुमच्या प्रश्नातली खरी मजेची जागा.

आधी सोपा, अँड गेट पाहा, कारण तो इंग्रजी डी अक्षरासारखा आहे. लायब्ररीत तो दोन वस्तूंनी बनला आहे. उजवीकडे अर्धवर्तुळाचा चाप, पार्श्वभूमीच्या रंगाने भरलेला. डावीकडे चार बिंदूंची जोडरेषा: (०, १५०), (−१५०, १५०), (−१५०, −१५०), (०, −१५०). ती बंद केलेली नाही. उजवी बाजू उघडी ठेवली आहे, म्हणून तिथे उभी रेषा उमटत नाही, पण भरताना ती बाजू आपोआप बंद होऊन पिवळा रंग थेट चापाला जाऊन मिळतो. मघाशी म्हटलं होतं ते हेच.

अर्धवर्तुळ आहे म्हणून हे सुरळीत होतं. चाप भरणं म्हणजे काय, यावर सगळ्यांचं एकमत नाही. काही ठिकाणी चापाची दोन टोकं सरळ रेषेने जोडून मधला भाग भरतात, काही ठिकाणी दोन्ही टोकं केंद्राला जोडून पोळीच्या तुकड्यासारखा भाग भरतात. अर्धवर्तुळात केंद्र त्या सरळ रेषेवरच असतं, म्हणून दोन्हींचं उत्तर एकच. इतर कोणत्याही चापात उत्तरं वेगळी. म्हणून माझा नियम असा की अर्धवर्तुळ आणि पूर्ण वर्तुळ सोडून दुसरा कुठलाही चाप मी भरत नाही. भरण्याचं काम बहुभुजाला देतो आणि चापाला फक्त रेषेचं काम देतो.

ऑर गेटची पाठ आत वळलेली असते. चाप भरला तर रंग जातो बाकाच्या बाहेर, पिनांच्या बाजूला, नेमका तुमच्याकडे सांडला तसा. पाठीची सरळ बाजू धरून चौकोन भरला तरी तेच. यावर लायब्ररीतली युक्ती अशी: पाठीचा चाप न भरता काढला आहे, आणि त्याच्याखाली एक वेगळा बहुभुज आहे, काठ बंद केलेला, पार्श्वभूमीच्या रंगाने भरलेला. त्याची मागची बाजू बाकाच्या मागोमाग छोट्या सरळ तुकड्यांनी चालत जाते. पार्श्वभूमीच्या रंगाने भरलेल्या वस्तू की-कॅड सर्वांत खाली काढतं, म्हणून चापाची रेषा आपोआप वर येते.

पाठीचा चाप (−१५०, १५०) पासून (−१०२, ०) मधून (−१५०, −१५०) पर्यंत जातो असं धरा. ३०० ची जीवा आणि ४८ चा बाक, त्यावरून त्रिज्या सुमारे २५८ मिल येते. बहुभुजाचे मागचे बिंदू मी दर ५० मिलवर घेतले: (−१५०, १५०), (−१२२, १००), (−१०७, ५०), (−१०२, ०), आणि खाली त्यांचीच प्रतिबिंबं. एवढ्याने पुरतं का? सरळ तुकडा वर्तुळापासून किती दूर जातो ते तुकड्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची आठपट, एवढं असतं. सर्वांत लांब तुकडा ५७ मिलचा, म्हणजे फरक दीड-पावणेदोन मिल. वरून जाणारी चापाची रेषा १० मिल जाड, म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंना ५-५ मिल झाकण आहे. फरक त्याखाली गडप. म्हणजे भरणारा बहुभुज गुळगुळीत असण्याची काहीच गरज नाही. त्याचा काठ रेषेखाली लपला की झालं. लोक पन्नास-पन्नास बिंदू टाकून घाम गाळतात, इथे सातात काम होतं.

गिलावा आणि लाकडी पट्टी यांचा संबंध आहे तसाच हा. सुताराची पट्टी बसणार असेल तर गवंडी गिलाव्याची कड घासत बसत नाही.

पुढच्या नाकाडाला हीच रीत लावा, म्हणजे संपूर्ण आकाराला एकच भरणारा बहुभुज आणि वरून तीन चाप व दोन सरळ रेषा. दोन भरलेले तुकडे नुसते कडेला कड लावून ठेवू नका. पीडीएफमध्ये त्या सांध्यावर केसाएवढी फट दिसते, छापल्यावर नसते, आणि ग्राहक मात्र ती पडद्यावरच पाहून विचारतो. तुकडे ठेवायचेच असतील तर एकमेकांवर ५ मिल चढवा.

भरलेल्या आकारात भोक हवं असेल तर? भरीव त्रिकोणात कोरी वीज, किंवा भरीव चकतीत कोरं अक्षर. पांढऱ्या रंगाचा आकार वर ठेवून भोकाचा आभास करता येतो, पण तो थीम बदलली की उघडा पडतो. खरं भोक हवं तर एकाच जोडरेषेत बाहेरचा काठ पूर्ण फिरा, मग एका जागी आत शिरा, आतला काठ उलट दिशेने फिरा, आणि गेलात त्याच वाटेने बाहेर या. किल्लीच्या भोकासारखी वाट तयार होते. काठ बंद असेल तर त्या वाटेवर वरच्यासारखीच केसाएवढी फट दिसू शकते. म्हणून इथे मी काठ चालू ठेवतो, त्याचा रंग भरावाइतकाच असल्यामुळे वाट बुजते. मोबदल्यात भोक काठाच्या अर्ध्या जाडीने आकुंचन पावतं, तेवढं आधीच मोठं काढायचं. रेषांनी एकमेकींना छेदू मात्र देऊ नका. आपल्यालाच छेदणाऱ्या आकाराचा आतला भाग कोणता, हे वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळं ठरवतात.

कंपनीचा लोगो वगैरे असेल तर बिंदू मोजत बसू नका. की-कॅडबरोबर चित्राचं रूपांतर करणारं छोटं साधन येतं, ते काळ्या-पांढऱ्या चित्रावरून भरीव बहुभुजांचं चिन्ह करून देतं. शेकडो बिंदू येतात, हाताने दुरुस्त करण्यासारखे नसतात. लोगोला ठीक, डायोडला नको.

आणखी एक बारीक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही पण पुढच्याच आठवड्यात अडेल. एका चिन्हात दोन-चार भाग असतील, म्हणजे एकाच पॅकेजमध्ये दोन ऑप-अँप किंवा डायोडची जोडी, तर काढलेला आकार सगळ्या भागांना सामाईक आहे की फक्त चालू भागाचा, अशी खूण गुणधर्मांत असते. ती न बघता भरलं तर पहिल्या भागात काळा त्रिकोण आणि दुसऱ्यात पोकळ किंवा काहीच नाही, असं होतं. स्कीमॅटिकमध्ये दुसरा भाग टाकेपर्यंत ते कळतही नाही.

इथवर ‘कसं’ झालं. पण मी तुमच्या जागी असतो तर त्रिकोण काळे केले असते का? बहुधा नाही, आणि त्याचं कारण जरा सविस्तर सांगतो.

या चिन्हांमध्ये भरणं ही सजावट नाही. बऱ्याच ठिकाणी भरलेपणा हाच अर्थ असतो. जुन्या जर्मन पद्धतीत पोकळ आयत म्हणजे रेझिस्टर आणि तोच आयत भरीव केला की इंडक्टर. ईगलच्या युरोपीय इंडक्टरचं चिन्ह असंच भरीव आयताचं आहे. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या युरोपीय चिन्हात पोकळ पट्टी धन बाजूची, भरीव पट्टी ऋण बाजूची. वायर जिथे जुळते तिथे भरीव ठिपका, आणि लॉजिक गेटच्या तोंडावर पोकळ गोल म्हणजे उलट. जुन्या निर्वात नळ्यांच्या चिन्हात आत एक भरीव ठिपका असला की नळीत वायू भरलेला आहे. ट्रान्सफॉर्मरच्या वेटोळ्याशेजारचा ठिपका वेटोळ्याची सुरुवात दाखवतो. यातला एकही ठिपका किंवा पट्टी इकडची तिकडे झाली तर सर्किट बदलतं.

डायोडचं मात्र तसं नाही. आयईसी ६०६१७ या आंतरराष्ट्रीय मानकात डायोडचा त्रिकोण पोकळ आहे. भरीव त्रिकोणही जगभर वापरात आहे आणि वाचणाऱ्याला दोन्हींत तोच डायोड दिसतो. की-कॅडच्या लायब्ररीत तर साध्या डायोडची पोकळ आणि भरीव अशी दोन्ही चिन्हं शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. म्हणजे इथे भरणं ही निव्वळ आवड. आवड जरूर असावी, पण ती एका संचात एकच असावी. अर्ध्या पानावर लायब्ररीतले पोकळ डायोड आणि मध्येच तुमचा काळा टीव्हीएस, हे बघून वाचणारा थबकतो आणि विचारतो, याला काही वेगळा अर्थ आहे का? तो काळा त्रिकोण त्याचा एक मिनिट खातो, आणि दुरुस्तीच्या टेबलावर मिनिटं महाग असतात. टीव्हीएस ठळक दिसावा असं वाटत असेल तर त्याच्या शेजारी व्होल्टेज लिहा. ते भरीव त्रिकोणापेक्षा जास्त कामाचं.

हे मी पुस्तकी शहाणपण म्हणून सांगत नाही. बरीच वर्षं झाली, एका कारखान्यातल्या जुन्या युरोपीय वेल्डिंग मशीनची कागदं आमच्याकडे नव्याने काढायला आली. झेरॉक्सची झेरॉक्स, कडा खाल्लेल्या. काढणाऱ्या मुलाने सगळ्या आयतांच्या जागी लायब्ररीतला रेझिस्टर टाकला. त्यातले दोन मूळ कागदावर भरीव होते, म्हणजे इंडक्टर, पण झेरॉक्समध्ये त्यांचं पोट विटून करडं झालं होतं आणि त्याला तो शाईचा डाग वाटला. तपासलं मी, आणि माझ्याही नजरेतून ते सुटलं. पुढे दुरुस्तीवाल्याने आमच्या कागदावरून तिथे रेझिस्टर बसवला आणि तो काही सेकंदांत धूर सोडून मोकळा झाला. मशीनचं फार नुकसान झालं नाही, पण तो फोन मी विसरलो नाही. तेव्हापासून आमच्याकडे इंडक्टर वेटोळ्यांनीच काढतात, भरीव आयताने नाही. झेरॉक्समध्ये वेटोळं कितीही विटलं तरी वेटोळंच राहतं.

झेरॉक्सचा हिशेब करून पाहा. की-कॅडच्या ध्रुवीय कपॅसिटरमधली पोकळ पट्टी ०.५०८ मिलिमीटर उंच आहे, आणि तिची रेषा त्या ठरावीक ६ मिलची, म्हणजे ०.१५ मिलिमीटर. रेषेची अर्धी जाडी वरून आणि अर्धी खालून आत येते, म्हणजे आत कोरी जागा उरते सुमारे ०.३६ मिलिमीटर. ए३ चं पान ए४ वर छापलं की सगळं ०.७१ पट होतं, कोरी जागा पाव मिलिमीटर. साधा लेझर प्रिंटर ती दाखवेल. त्याची दोनदा झेरॉक्स निघाली की ती बुजेल, आणि मग धन-ऋण दोन्ही पट्ट्या सारख्याच काळ्या. शेजारी अधिकचं चिन्ह आहे म्हणूनच ते सर्किट बचावतं. म्हणून भरीव-पोकळ या एकाच फरकावर जिथे अर्थ अवलंबून आहे तिथे मी दुसरी खूण देतोच: अधिकचं चिन्ह, पिनेचा क्रमांक किंवा दोन शब्द.

माझ्या स्वतःच्या चिन्हांत आतली कोरी जागा रेषेच्या जाडीच्या किमान दुप्पट ठेवतो, आणि ट्रान्सफॉर्मरच्या ठिपक्याची त्रिज्या २० मिलच्या खाली जाऊ देत नाही. तो वायरच्या जोडाच्या ठिपक्यासारखा दिसू नये म्हणून वायरपासून निदान ५० मिल लांब.

तुमचं चिन्ह तयार झालं की ते एका कोऱ्या स्कीमॅटिकवर टाका, चारही दिशांना फिरवा आणि आरशात उलटवून पाहा. मग काळ्या-पांढऱ्या छपाईचा पर्याय निवडून ए४ वर छापा आणि कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन त्या कागदाची झेरॉक्स काढा, आणि त्या झेरॉक्सची आणखी एक. तिसऱ्या कागदावर दांडी आणि त्रिकोण वेगळे ओळखू आले तर लायब्ररीत ठेवा. नाही आले तर मधली दांडी ५० ऐवजी ७० मिलपर्यंत वर-खाली वाढवा. ती त्रिकोणाच्या बाहेर डोकावली की काळा असो वा पोकळ, डायोड ओळखू येतो.